दारव्ह्याचा कापूस आणि चित्राचं तेल

दारव्हा आणि समुद्र यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे नकाशा बघून कोणीही सांगेल. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्या गावात 'किनारा' म्हणजे नदीचा, तोही उन्हाळ्यात नुसता नावापुरता. पण एक संबंध होता, आणि तो रुळांचा होता. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही दारव्ह्यावरून जाणारी नॅरो गेज, जिला नंतर सगळे 'शकुंतला' म्हणायला लागले, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने टाकली ती माणसांच्या सोयीसाठी नाहीच. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर आणायचा, तिथून मुंबई बंदर, तिथून बोट. म्हणजे दारव्ह्याचा कापूस समुद्र बघून आला होता, दारव्ह्याची माणसं मात्र नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे या वेळचा विषय. समुद्रात तेल सांडलं आणि किनाऱ्याला लागलं तर ते काढतात कसं? कोण काढतं? आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत या बाबतीत माणूस काय शिकला? विषय समुद्राचा आहे, पण थोडा धीर धरा मंडळी, शेवटी कापूस येणार आहे.

७ ऑगस्ट २०१०. शनिवार. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातून 'एमएससी चित्रा' हे पनामाचा झेंडा लावलेलं कंटेनर जहाज बाहेर पडत होतं. 'खलिजिया-३' हे दुसरं मालवाहू जहाज मुंबई बंदराकडे आत येत होतं. सकाळची वेळ, चांगला उजेड, मुंबईपासून साधारण दहा किलोमीटरवर आणि दोघांची टक्कर झाली. चित्रावर १,२१९ कंटेनर होते, पोटात २,६०० टनांहून जास्त इंधन तेल. जहाज इतकं कललं की वरचे कंटेनर काडेपेट्यांसारखे घरंगळून समुद्रात पडायला लागले. असे सुमारे तीनशे पडले. मुंबई आणि जेएनपीटी ही देशातली दोन महत्त्वाची बंदरं तरंगणाऱ्या डब्यांमुळे काही दिवस बंद ठेवावी लागली. आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं.

(एक अवांतर: 'टॉरी कॅनियन' खडकावर चढलं तो १८ मार्च १९६७, शनिवार. चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आदळली तो २८ जानेवारी २०१७, तोही शनिवार. आमच्या धंद्यात सर्व्हर नेहमी वीकेंडलाच का पडतो याचं कोडं आम्ही उगाच स्वतःचं समजत होतो.)

'तेल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेट्रोल किंवा डिझेल येतं. जहाजाच्या टाकीत असतं ते फर्नेस ऑइल. रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा, जाड, वास मारणारा गाळ राहतो त्यातलं हे. डांबराचा धाकटा भाऊ म्हणा. पेट्रोल सांडलं तर बरंचसं उडून जातं. हे उडत नाही. उलट लाटांनी घुसळलं की पाणी पोटात घेतं आणि चॉकलेटी रंगाचं, श्रीखंडाएवढं घट्ट मिश्रण तयार होतं. त्यात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणीच असू शकतं. म्हणजे एक टन तेल सांडलं तर किनाऱ्यावर तीन-चार टन चिखल येतो. मग त्यात वाळू मिसळते, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, नारळाच्या झावळ्या, चपला मिसळतात. शेवटी जो कचरा उचलावा लागतो तो मूळ तेलाच्या दहापट, वीसपटही भरतो.

तेल कुठे जाणार याचा हिशोब मात्र आश्चर्य वाटावं इतका सोपा आहे. पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते पूर्ण वाहतं, आणि वरून वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने ढकललं जातं. ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर तेल वाऱ्यामुळे दिवसाला वीसेक किलोमीटर सरकतं. ऑगस्टमध्ये वारा कुठून वाहतो हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. त्यामुळे चित्राचं तेल कुठे जाणार हे सांगायला कॉम्प्युटर मॉडेलची गरज नव्हती. ते अलिबागकडे गेलं, उरणकडे गेलं, घारापुरीला लागलं, खाडीतून थेट नवी मुंबईपर्यंत आत शिरलं.

वेळही अशी होती की बघा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आलेली. कोळीवाड्यांतून होड्या डागडुजी करून, जाळी विणून तयार. २४ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. दोन महिने कमाई नाही, आता सुरू होणार, आणि तेवढ्यात मासे खाऊ नका, तपासणी चालू आहे अशा सूचना आल्या. नुकसान मोजताना जहाज मोजतात, कंटेनर मोजतात, तेल मोजतात. ज्या मासळीला बाजारात गिऱ्हाईकच मिळालं नाही तिची पावती कोण देणार? मच्छीवालीकडे इन्व्हॉइस नसतो.

कंटेनरांपैकी ३१ धोकादायक मालाचे होते आणि त्यांत ऑर्गनोफॉस्फरस वर्गातली कीटकनाशकं होती. हे वाचताना यवतमाळचा माणूस थांबतोच. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत असलेल्या औषधांपैकी मोनोक्रोटोफॉस हे याच वर्गातलं. समुद्राचा आणि आमचा काही संबंध नाही असं वर म्हटलं, ते किती खरं हे तुम्हीच ठरवा.

आता मुख्य प्रश्न. तेल किनाऱ्याला लागल्यावर कोणी काय करायचं?

भारतात यासाठी एक राष्ट्रीय आराखडा आहे, १९९३ सालचा. तो येण्याआधी आपण बरेच धडे घेतले होते. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, आणि १९८२ मध्ये तिथेच 'सागर विकास' या रिगवर विहीर उसळून आग लागली. मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून उरणला येणारी पाइपलाइन फुटली, आकडा साधारण सहा हजार टनांचा दिला जातो. म्हणजे चित्राच्या कितीतरी पट. तरी आज कोणाला आठवत नाही, कारण तेव्हा चोवीस तासांची न्यूज चॅनेल्स नव्हती आणि कललेल्या जहाजाचा फोटोही नव्हता. पाइप दिसत नाही, जहाज दिसतं.

तर या आराखड्यानुसार समुद्रातल्या तेलाची जबाबदारी तटरक्षक दलाची. बंदराच्या हद्दीत बंदराची. तेल कंपनीच्या प्लॅटफॉर्मभोवतीच्या पाचशे मीटरमध्ये कंपनीची. आणि किनारा? तो राज्य सरकारचा. म्हणजे तेल लाटेवर आहे तोवर तिकीट तटरक्षक दलाच्या नावावर, आणि तीच लाट वाळूवर फुटली की तिकीट जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नावावर असाइन. ज्यांनी मोठ्या कंपनीत दोन टीमच्या मधला बग बघितला आहे त्यांना पुढे काय होतं ते समजावून सांगायला नको. तटरक्षक दलाकडे जहाजं, हेलिकॉप्टर, फवारणीची यंत्रणा, नियमित सराव सगळं आहे. चित्राच्या वेळी त्यांनी ते लगेच वापरलंही. किनाऱ्यावर मात्र फावडी, घमेली, बादल्या आणि रोजंदारीवरची माणसं. एन्नोरला २०१७ मध्ये तर मच्छीमार, कॉलेजची पोरं आणि स्वयंसेवक बादल्यांनी तेल उपसतायत हे चित्र सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं आणि त्यावर भरपूर विनोदही झाले.

पण खरं सांगायचं तर बादलीवर हसण्यात अर्थ नाही. वाळूच्या किनाऱ्यावर माणसाचा हात आणि फावडं हेच अजूनही सगळ्यात चांगलं साधन आहे! जेसीबी लावला की तो वरचं दोन इंच तेल काढताना खालची फूटभर स्वच्छ वाळू उचलतो आणि चाकाखाली उरलेलं तेल आणखी खोल दाबतो. माणूस वरचा थर तेवढा खरवडतो. बारीक, दाबून बसलेल्या वाळूत जाड तेल फार खाली जात नाही, काही सेंटिमीटरवर थांबतं. गोट्यांच्या किनाऱ्यावर हेच तेल फटींतून दोन-तीन फूट खाली उतरतं आणि वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे आपल्याकडच्या पुळणी त्या मानाने सोप्या. अट एकच, भरती-ओहोटीने त्यावर नवी वाळू आणून टाकायच्या आत काढलं पाहिजे. नाहीतर वर स्वच्छ वाळू, खाली काळा थर, त्याखाली पुन्हा वाळू. बरं, घाई करायची तर तेल अजून येतच असताना केलेली सफाई उद्या पुन्हा करावी लागते. हे सगळं टायमिंगचं काम आहे.

एक गोष्ट मला वाचताना फारच आवडली. तेल यायच्या आधी, ते अजून समुद्रात असताना, किनाऱ्यावरचा रोजचा कचरा उचलून टाकायचा. बस्स. कारण साधा कचरा हा साधा कचरा असतो, पण तोच तेलात बुडाला की घातक कचरा होतो, त्याची वाहतूक वेगळी, विल्हेवाट वेगळी, खर्च कितीतरी पट. तेल यायला बारा तास आहेत हे कळल्यावर गावातली शंभर माणसं पोती घेऊन उतरली तर नंतरचं खूप काम वाचतं. याला ना तंत्रज्ञान लागतं ना बजेट.

साफसफाईचा इतिहास बघितला तर एक मजेशीर पॅटर्न दिसतो. तेलाने जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त नुकसान सफाईने केल्याची उदाहरणं आहेत, आणि साधीसुधी नाहीत.

टॉरी कॅनियनचं घ्या. १९६७, इंग्लंडचं नैऋत्य टोक, पोटात १ लाख १९ हजार टन कच्चं तेल. एवढी मोठी घटना जगाने पहिल्यांदाच पाहिलेली. काय करावं कोणालाच माहीत नाही. शेवटी ब्रिटिशांनी विमानं पाठवून जहाजावर बॉम्ब टाकले, तेल जाळायला म्हणून. (हे मी मनचं सांगत नाहीये.) आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जवळजवळ दहा हजार टन डिटर्जंट ओतलं. कल्पना साधी. बैलगाडीच्या आखाचं वंगण हाताला लागलं की नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो, म्हणून समुद्रालाही साबण लावायचा. पण तेव्हाचं ते डिटर्जंट फार विषारी होतं. खडकाला चिकटून शेवाळ खाणारे शंखातले छोटे प्राणी असतात, ते तेलातून बऱ्यापैकी वाचत होते, साबणाने सरसकट मेले. खाणारेच गेल्यावर खडकांवर हिरवं शेवाळ बेफाम माजलं. पुढे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तुलना केली. ज्या भागात डिटर्जंट टाकलं नव्हतं तो दोन-तीन वर्षांत सावरला. जिथे भरपूर टाकलं तिथे दहा वर्षं आणि वर लागली.

आता वाटेल की यातून शिकले असतील. शिकले, साबण बदलला. आजची तेल विखुरणारी रसायनं त्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत आणि ती किनाऱ्यावर नाही, खोल पाण्यात वापरायची असतात. पण २४ मार्च १९८९ ला अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' खडकावर चढलं, सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, आणि या वेळी रसायनाऐवजी गरम पाणी निघालं. प्रचंड दाबाचे पाइप लावून कढत पाण्याने खडक धुवायचे. टीव्हीवर फार छान दिसायचं. काळा खडक, पाण्याचा फवारा, पांढरा खडक! कंपनीने हजारो माणसं कामाला लावली, दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च केला. पण काही शास्त्रज्ञांनी हुशारी केली आणि किनाऱ्याचे काही तुकडे मुद्दाम न धुता तसेच ठेवायला लावले. आपल्या भाषेत कंट्रोल ग्रुप. काही वर्षांनी पाहिलं तर न धुतलेल्या तुकड्यांवर जीवसृष्टी आधी परतली होती. गरम पाण्याने तेलाबरोबर उरलेसुरले जीव शिजले होते, आणि दाबाने तेल व बारीक माती गोट्यांखाली ढकलली गेली होती.

मला या गोष्टीत खलनायक कोणी दिसत नाही. लोकांना काहीतरी होताना दिसायला हवं असतं. मंत्री येतो, कॅमेरा येतो, आणि 'हा किनारा आम्ही जाणूनबुजून तसाच ठेवतोय' हे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणायला छाती लागते. प्रॉडक्शनमध्ये गोंधळ झालेला असताना 'कोणीही हात लावू नका, आधी लॉग बघू' म्हणणारा माणूस आठवा. त्या दिवशी त्याच्यावर सगळे चिडलेले असतात.

चित्राच्या बाबतीत हा प्रश्न वाळूवर नाही, तिवरांमध्ये आला. उरण, घारापुरी, नवी मुंबईच्या खाड्या इथे खारफुटीचं मोठं जंगल आहे. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि भरती ओसरली की हवेतून श्वास घेतात. त्या पेन्सिलींवर फर्नेस ऑइलचा थर बसला की झाड गुदमरतं. पण ते काढायला माणसं आत घातली तर गुडघाभर चिखलात पाय रोवताना ती मुळंच मोडतात, आणि वरचं तेल चिखलात तुडवलं जातं. झाड तेलाने मरेल की मदतीने, एवढाच फरक. म्हणून खारफुटीत नियम असा की शक्यतो बाहेरच्या कडेने, होडीतून, हलक्या दाबाच्या पाण्याने तेल सोडवायचं, ते पाण्यावर आलं की गोळा करायचं आणि बाकी काम निसर्गावर सोडायचं.

निसर्ग म्हणजे इथे जिवाणू. तेल हे शेवटी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांचंच बनलेलं, त्यामुळे ते खाणारे जिवाणू समुद्रात आणि मातीत आधीपासून आहेत. हे क्षेत्र भारतीयांनी गाजवलेलं आहे. बंगालमधल्या सैंथियाचे आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होते. त्यांनी तेलाचे अनेक घटक एकटाच पचवू शकेल असा जिवाणू तयार केला आणि त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८० मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने कोर्टाने सांगितलं की माणसाने घडवलेल्या जिवाला पेटंट मिळू शकतं. आजच्या सगळ्या बायोटेक धंद्याचा पाया तिथे घातला गेला. गंमत म्हणजे तो जिवाणू खऱ्या तेलगळतीत कधी सोडलाच गेला नाही. प्रयोगशाळेत घडवलेला जीव मोकळ्या समुद्रात सोडायला कोणी धजावलं नाही.

मुंबईत २०१० मध्ये वापरलं गेलं ते दिल्लीच्या टेरी संस्थेचं 'ऑइलझॅपर'. यात जनुकात काही बदल नाही. तेलकट मातीतूनच शोधून काढलेल्या जिवाणूंचं मिश्रण आणि ते धरून ठेवायला मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचा भुगा. ऐकायला घरगुती वाटतं, पण काम करतं. फक्त सावकाश. आठवडे, महिने लागतात. ओलावा हवा, हवा खेळती हवी, नत्र-स्फुरद हवं, म्हणजे थोडक्यात शेणखताच्या उकिरड्याला जे लागतं तेच. आणि तेलाचा जाड थर असेल तर जिवाणू काही करू शकत नाहीत. आधी फावडं, मग जिवाणू.

पैशाचं काय झालं हेही बघायला हवं. चित्राची टक्कर ऑगस्ट २०१० ची आणि राष्ट्रीय हरित लवाद स्थापन झाला १८ ऑक्टोबर २०१० ला. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, 'एमव्ही रॅक' नावाचं जहाज मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं. त्यात ६० हजार टन कोळसा होता, इंडोनेशियातून दहेजला चाललेला, आणि तीनशेच्या आसपास टन इंधन. तेल गळत गळत जुहूपर्यंत आलं. समीर मेहता या मुंबईकर पर्यावरणप्रेमीने लवादात याचिका टाकली आणि २३ ऑगस्ट २०१६ ला लवादाने जहाज कंपनीला १०० कोटी आणि ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी भरपाई भरायला सांगितली. पाच वर्षं लागली, आणि तीही एक नागरिक चिकाटीने मागे लागला म्हणून. आणि चित्राचं ते कललेलं जहाज? त्यातलं तेल आणि उरलेले कंटेनर काढून शेवटी २०११ मध्ये खोल समुद्रात नेऊन बुडवलं गेलं.

त्यानंतरही गोष्ट थांबलेली नाही. २५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, ६४० कंटेनर घेऊन. या वेळी किनाऱ्यावर आले प्लास्टिकचे मसूरडाळीएवढे दाणे, पोत्यांनी. ते वाळूतून चाळणीने वेगळे करायचे! गोव्यात तर जहाज बुडायचीही गरज नसते. दर पावसाळ्याच्या तोंडाशी पुळणीवर डांबराचे गोळे येतात. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा रासायनिक ठसा काढला तर काहींचं मूळ भर समुद्रात टँकर धुणाऱ्या जहाजांकडे निघालं आणि काहींचं बॉम्बे हायच्या तेलाकडे.

असो. आता कापूस.

तेल टिपायला काय वापरायचं हा जुना प्रश्न आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा बार्बाराला समुद्रातली विहीर फुटली तेव्हा किनाऱ्यावर गवताच्या काड्या पसरल्या आणि तेल चिकटलं की दाताळ्याने ओढून काढल्या. आमच्या भाषेत कुटार. नंतर पॉलिप्रॉपिलीनच्या गाद्या आल्या आणि आज जगभर त्याच वापरतात. पॉलिप्रॉपिलीन बनतं खनिज तेलापासूनच. म्हणजे तेल पुसायचं तेलानेच, आणि ती गादी नंतर कुजतही नाही.

कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा अगदी पातळ थर असतो, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे शेतातून वेचलेला कापूस पाण्यात टाकला तर तरंगतो, लवकर भिजत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा कापूस पाणी पितो तो अल्कलीत उकळून हे मेण काढल्यावर. म्हणजे आपण पैसे खर्च करून जो गुण काढून टाकतो नेमका तोच इथे हवा असतो. पाणी नको, तेल हवं. टेक्सास टेक विद्यापीठातल्या शेषाद्री रामकुमार यांच्या गटाने यावर बरंच काम केलं, आणि त्यात निघालं की कमी मायक्रोनेअरचा, म्हणजे अपक्व, बारीक धाग्याचा कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपट कच्चं तेल धरतो. धागा बारीक म्हणजे तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त.

कमी मायक्रोनेअर म्हणजे काय हे दारव्ह्याच्या बाजारात गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. व्यापारी मूठभर कापूस ओढून बघतो आणि भाव पाडतो, तो हा. शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा, ज्याला सूतगिरणी नाक मुरडते तो.

लगेच हिशोब मांडला. ८०० टन तेल, तीसपट क्षमता, म्हणजे साधारण २७ टन रुई. १७० किलोची एक गाठ धरली तर दीडशे-एकशेसाठ गाठी. फक्त? हे तर एखाद्या जिनिंगच्या आवारात पडलेलं असतं!

पण हा हिशोब कागदावरचा. तो तीसपट आकडा प्रयोगशाळेतल्या पातळ कच्च्या तेलाचा आहे, जाड फर्नेस ऑइल धाग्यांत त्या वेगाने शिरतच नाही. चाळीस किलोमीटर पसरलेल्या, फेसाळलेल्या, पावसाळी समुद्रात मोकळी रुई टाकली तर ती गोळा कोण करणार? तेलात बुडालेला कापूस तिवरांत अडकला तर दुप्पट उपद्रव. शिवाय टिपलं ते सगळं पुन्हा घातक कचराच. त्यामुळे कापसाने चित्राचं संकट टळलं असतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि यासाठी मुद्दाम फरदड घ्या असंही कोणी शेतकऱ्याला सांगू नये, कारण फरदडीवर गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामाचं वाटोळं करते. २०१७ ला ते झालेलं आहे.

त्याची जागा छोटी आहे. खाडीच्या तोंडाशी, जेट्टीच्या कोपऱ्यात, जिथे पाणी शांत आहे आणि तेलाचा पातळ तवंग उरलाय तिथे, जाळीत भरलेली रुई दोरीला बांधून सोडायची आणि दोन तासांनी ओढून घ्यायची. खडकावर शेवटचा हात फिरवायला. सफाई करणाऱ्या माणसांचे हात-पाय पुसायला, जे नाहीतर रॉकेलने पुसतात आणि कातडीला आणखी त्रास करून घेतात. यासाठी रायगड-रत्नागिरीच्या एखाद्या कोरड्या गोदामात पंचवीस-तीस गाठी रचून ठेवल्या तर पुरतील, आणि पावसाची ओल लागू दिली नाही तर त्या कित्येक वर्षं टिकतात.